ॲक्सेसची फाइल दर चार दिवसांनी लॉक होते किंवा खराब होते : आमच्या वाचनालयात सापडलेलं कारण आणि केलेले उपाय

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची (नोंदी ठेवायच्या डेटाबेस प्रोग्रॅमची) एकच फाइल, एका कॉम्प्युटरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवलेली, आणि दोन-तीन जण आपापल्या टेबलावरून तीच उघडून काम करतायत. चार-पाच दिवस सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस कुणीतरी डबल क्लिक करतं आणि मेसेज येतो की डेटाबेस इनकन्सिस्टंट स्टेटमध्ये, म्हणजे अर्धवट विस्कटलेल्या अवस्थेत आहे, रिकव्हर करायचा प्रयत्न करतो. किंवा येतो की ॲडमिन नावाच्या युजरने अमुक मशीनवरून फाइल अशा अवस्थेत ठेवलीय की ती उघडता येणार नाही. किंवा सरळ 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट', म्हणजे फाइल ओळखताच येत नाही. मग तुम्ही कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (फाइल आवरून दुरुस्त करायची ॲक्सेसचीच सोय) मारता, फाइल उघडते, सगळे खूश, आणि पुढच्या आठवड्यात परत तेच.

आमच्याकडे हे जवळजवळ वर्षभर चाललं. गावातल्या वाचनालयाचा डेटाबेस मी सांभाळतो, म्हणजे पगारी नाही, दुकान बंद केल्यावर जाऊन बसतो. दाखल नोंदवही, सभासद, वर्गणी, अनामत आणि रोजची देवघेव एवढं सगळं एका फाइलमध्ये. काउंटरवर ताई बसतात, आत ग्रंथपाल मॅडम, आणि फाइल असते ती मॅडमच्या कॉम्प्युटरवर. दर चार दिवसांनी ताईंचा फोन ठरलेला, "दादा, परत कुलूप लागलंय." आणि बाहेर सभासद हातात पुस्तक घेऊन उभे.

पहिले दोन महिने मी लाइटला दोष दिला. आमच्याकडे लाइट जाते हे खरंच आहे, पण दोन्ही कॉम्प्युटरला यूपीएस बसवून झाला तरी फोन काही थांबला नाही. मग विंडोजला दोष दिला, मग अँटिव्हायरसला. या सगळ्यात मी एक गोष्ट करायची सोडून सगळं केलं, ती म्हणजे लॉक फाइल उघडून वाचणं.

लॉक फाइल म्हणजे काय ते थोडक्यात. तुमची फाइल डॉट एसीसीडीबी असेल तर ती कुणीही उघडली की त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची, पण डॉट एलएसीसीडीबी शेपटी असलेली एक छोटीशी फाइल तयार होते (जुनी एमडीबी फाइल असेल तर डॉट एलडीबी). शेवटचा माणूस बाहेर पडला की ॲक्सेस ती स्वतःच पुसतं. लोक काय करतात, फाइल उघडत नाही म्हटलं की ही लॉक फाइल डिलीट करायला बघतात, मीही तेच करायचो. पण थोडा विचार करा, ती जर आरामात डिलीट झाली तर त्याचा अर्थ आत कुणीच नव्हतं, ती नुसती मागे राहिलेली होती आणि तिच्यामुळे काही अडलेलंच नव्हतं. आणि विंडोज डिलीट करू देत नसेल तर कुणीतरी खरोखर आत आहे, आणि नेमकं तेव्हाच लोक वैतागून फाइल ठेवलेला कॉम्प्युटर रीस्टार्ट मारतात, आणि आत जो कोणी अर्धवट लिहीत होता त्याचं लिहिणं मध्येच तुटतं. म्हणजे आपणच कुलूप उघडायच्या नादात दार मोडतो.

त्यापेक्षा ती फाइल कॉपी करा आणि कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. आत मधे मधे मोकळी जागा सोडून कॉम्प्युटरची नावं दिसतील, प्रत्येक नावापुढे बहुतेक ॲडमिन असं लिहिलेलं. ॲडमिन बघून घाबरू नका, ॲक्सेसमध्ये वेगळं लॉगिन लावलं नसेल तर सगळेच ॲडमिन असतात, त्यामुळे त्या शब्दाला काही किंमत नाही. किंमत आहे ती कॉम्प्युटरच्या नावाला. प्रत्येक माणसाला ६४ बाइट मिळतात, अर्धे कॉम्प्युटरच्या नावाला, अर्धे युजरच्या, आणि एकूण जागा २५५ जणांची. एक गोम मात्र आहे, माणूस बाहेर पडला तरी त्याचं नाव लगेच पुसलं जात नाही, त्या जागी दुसरा येईपर्यंत तसंच राहतं. म्हणजे ही हजेरीपटासारखी गोष्ट आहे, कोण येऊन गेलं ते कळतं, आत्ता कोण बसलंय ते कळेलच असं नाही.

आमच्या लॉक फाइलमध्ये मला दोन नावं दिसायला हवी होती, मॅडमचा आणि काउंटरचा. दिसली तीन. तिसरं नाव ते लॅपटॉपला विंडोजने आपोआप दिलेलं असतं तसलं, डेस्कटॉप आणि पुढे अक्षरं-आकडे. हा कुणाचा? ताईंना माहीत नाही, मॅडमना माहीत नाही.

आत्ता कोण आत आहे हे बघायला वेगळी जागा आहे. फाइल ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथे कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडायचं, त्यात शेअर्ड फोल्डर्स, त्यात ओपन फाइल्स. तिथे कोणती फाइल नेटवर्कवरून कुणी उघडलीय ते लाइव्ह दिसतं. (त्याच कॉम्प्युटरवर बसून उघडली असेल तर तिथे दिसत नाही, हे लक्षात ठेवा.) मी एक अख्खा दिवस दुकान भावावर सोडून तिथे जाऊन बसलो. सकाळी एकच नाव, काउंटरचं. बाराच्या सुमाराला दुसरं आलं. आणि दीड वाजता चिटणीस काका बाहेरच्या खोलीतून उठले, लॅपटॉपचं झाकण खाली पाडलं, पिशवीत घातला आणि जेवायला घरी निघाले.

काकांना कुणीतरी कधीतरी तो फोल्डर दाखवून दिला होता. ते वायफायवरून फाइल उघडायचे, कुणाची वर्गणी थकलीय ते बघायचे. "अरे मी फक्त बघतो, हात कुठे लावतो," असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं बोलत नव्हते. पण शेअर्ड मोडमध्ये उघडलेल्या फाइलला ॲक्सेस लिहिण्याच्या तयारीनेच उघडतं. शिवाय मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागे उभं राहून बघितलं तर टेबल सरळ उघडं होतं, सभासदाच्या ओळीत कर्सर, आणि ओळीच्या डाव्या टोकाला ती छोटी पेन्सिल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ती पेन्सिल दिसतेय तोपर्यंत त्या ओळीतला बदल फाइलमध्ये गेलेला नसतो. दुसऱ्या ओळीवर गेलात की पेन्सिल जाते आणि रेकॉर्ड सेव्ह होतं, ॲक्सेसमध्ये वर्डसारखं शेवटी सेव्ह दाबायची भानगड नाही. काकांचा चुकून स्पेसबारला हात लागला होता, पेन्सिल आलेली, आणि तशीच पेन्सिल ठेवून झाकण बंद.

आता यात फाइल खराब का होते ते नीट समजून घ्या, कारण एकदा हे कळलं की बाकीचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. ॲक्सेसमध्ये मधे कुणी सर्व्हर नसतो. एसक्यूएल सर्व्हर वगैरे असेल तर तुमचा कॉम्प्युटर फक्त निरोप पाठवतो आणि लिहिणारा एकच असतो. इथे प्रत्येक कॉम्प्युटरवरचं ॲक्सेस स्वतः हात लांब करून त्या एकाच फाइलमध्ये लिहितं, ४ केबीच्या एकेका पानात. समजा देवघेवीचं एकच रजिस्टर आहे आणि तीन टेबलांवरून तिघे त्यात लिहितायत, आणि एक जण ओळ अर्धी लिहून पेनासकट गायब झाला. फाइलच्या पहिल्या पानावर प्रत्येक युजरसाठी एक खूण असते, लिहायला सुरुवात केली की ती बदलते, नीट संपलं की परत जागेवर येते. लॅपटॉप झोपला, वायफाय तुटलं, की ती खूण अर्ध्यात राहते, आणि पुढचा माणूस आला की ॲक्सेस म्हणतं इनकन्सिस्टंट स्टेट. पुष्कळदा डेटा पूर्ण शाबूत असतो, फक्त खूण अडकलेली असते, म्हणून रिपेअर मारलं की सगळं जागेवर दिसतं आणि आपण समजतो बरं झालं. दहा वेळा असं सुटतं आणि अकराव्या वेळी खरंच एक पान फाटतं.

तर पहिला उपाय एकदम फुकटचा. ॲक्सेसची फाइल वायफायवरून उघडायची नाही, कुणीच नाही, वायर लावा. दोन्ही कॉम्प्युटरचं स्लीप बंद करा, नुसता स्क्रीन बंद झाला तर चालतो. एवढ्यावर आमचे फोन निम्म्यावर आले.

पण निम्म्यावरच. कारण मूळ पाप माझंच होतं. ही फाइल मी बनवली तेव्हा ती एका कॉम्प्युटरसाठी होती, नंतर काउंटरला दुसरा आला, मी फोल्डर शेअर केला आणि सुटलो. फॉर्म, रिपोर्ट, क्वेरी (डेटा भरायच्या, छापायच्या, शोधायच्या सोयी) आणि टेबलं (खुद्द डेटा) सगळं एकाच फाइलमध्ये आणि सगळे तीच उघडतायत. हे असं करू नये हे कुठल्याही ॲक्सेसवाल्याला विचारा, पहिलं वाक्य हेच सांगेल, आणि तरी निम्मी ऑफिसं असंच चालवतात. उपाय म्हणजे फाइल फोडायची. डेटाबेस टूल्स या टॅबवर मूव्ह डेटा आहे, त्यात ॲक्सेस डेटाबेस असं बटण, ते दाबलं की विझार्ड सगळी टेबलं एका नव्या फाइलमध्ये नेतो, जिच्या नावाच्या शेवटी तो अंडरस्कोर बी-ई लावतो, बॅक एंडचं. जुन्या फाइलमध्ये फॉर्म, रिपोर्ट, क्वेरी राहतात आणि टेबलांच्या जागी बाणवाली लिंक येते, ती झाली फ्रंट एंड. बॅक एंड शेअर फोल्डरमध्ये, आणि फ्रंट एंडची एकेक कॉपी प्रत्येकाच्या स्वतःच्या सी ड्राइव्हवर. फ्रंट एंड शेअर फोल्डरमध्ये ठेवून सगळ्यांना त्याचाच शॉर्टकट द्यायचा नाही. हे मी मुद्दाम लिहितोय कारण पहिल्यांदा मी नेमकं तेच केलं होतं, फोडली पण आणि फोडल्याचा उपयोग पण नाही.

फोडायच्या आधी पूर्ण फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या, सगळ्यांना बाहेर काढा, आणि हे काम फाइल जिथे आहे त्याच कॉम्प्युटरवर करा. आणखी एक, लिंक करताना झेड ड्राइव्ह वगैरे मॅप केलेल्या अक्षराने करू नका, कारण एका कॉम्प्युटरवर ते झेड असतं आणि दुसऱ्यावर वाय, मग फाइल सापडत नाही म्हणून एरर येतो आणि लोकांना वाटतं डेटा गेला. दोन उलट्या तिरक्या रेघा, मग कॉम्प्युटरचं नाव, मग शेअरचं नाव, असा पूर्ण पत्ता द्या. पुढे कधी फोल्डर हलवला तर एक्स्टर्नल डेटा टॅबवरचा लिंक्ड टेबल मॅनेजर उघडून नवा पत्ता दाखवायचा, दोन मिनिटांचं काम.

फोडल्यावर फॉर्म थोडे मंद झाले असं वाटलं तर एक जुगाड आहे. बॅक एंडमधल्या एखाद्या छोट्या टेबलावर एक फॉर्म बनवा आणि फ्रंट एंड सुरू होताना तो लपलेल्या अवस्थेत उघडा ठेवा. त्यामुळे लॉक फाइल सारखी बनत-पुसत बसत नाही आणि जाणवण्याइतका फरक पडतो.

आता फोल्डरच्या परमिशनचं. हे दुसरं मोठं कारण आणि बाहेरून अजिबात दिसत नाही. लॉक फाइल बनवायला, तिच्यात लिहायला आणि शेवटी पुसायला प्रत्येक युजरला त्या फोल्डरवर पूर्ण मॉडिफाय हक्क लागतो, पुसण्याच्या हक्कासकट. कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली काउंटरला डिलीट बंद केलं की लॉक फाइल पडून राहते, आणि बनवायचाच हक्क नसेल तर डेटाबेस रीड-ओन्ली, म्हणजे नुसता वाचण्यापुरता उघडतो आणि ताई विचारतात की पुस्तक चढत का नाहीये. हक्क दोन ठिकाणी असतात, शेअरिंग टॅबवर एक आणि सिक्युरिटी टॅबवर दुसरा, आणि दोन्हींतला जो कमी तो लागू होतो. आमच्याकडे शेअरिंगला सगळं दिलेलं होतं आणि सिक्युरिटीला नुसतं रीड-राइट.

कॉम्पॅक्ट ऑन क्लोज. हा एक वेगळाच अध्याय. फाइल, ऑप्शन्स, करंट डेटाबेसमध्ये एक टिक असते की बंद करताना कॉम्पॅक्ट करा. ऐकायला छान वाटतं, मी हौसेने लावली होती. कॉम्पॅक्ट करताना ॲक्सेस काय करतं तर शेजारी एक नवी फाइल बनवतं, सगळं त्यात नीट लावून उतरवतं, मग जुनी पुसून नवीला जुनीचं नाव देतं. ही अदलाबदल मधेच अडली, नेटवर्क हललं किंवा कुणी आत शिरलं, तर ती नवी फाइल डेटाबेस१, डेटाबेस२ अशा नावाने तिथेच राहते. आमच्या फोल्डरमध्ये अशा सहा फाइली साठल्या होत्या आणि मी म्हणायचो असू देत, बॅकअप आहेत.

एकदा मुख्य फाइल उघडेना. मी लग्नाला बाहेरगावी, फोन लागत नाही. ताईंनी फोल्डर उघडला, तारीख बघितली, डेटाबेस४ सगळ्यात ताजी दिसली, ती उघडली, आत सगळं होतं, चालू केलं काम. दोन दिवसांची देवघेव तिच्यात गेली. तिकडे मॅडमनी दुसऱ्या दिवशी मुख्य फाइल रिपेअर करून उघडली आणि त्यांच्याकडची नवीन पुस्तकं त्यात चढवली, दोन-चार सभासदांची देवघेव पण त्यातच केली. ताईंचं यात काही चुकलं असं मी अजिबात म्हणणार नाही, समोर माणसं उभी असताना त्यांनी जे दिसलं ते उघडलं.

या दोन फाइली एकत्र करताना मी जी ठेच खाल्ली ती सांगतो. एका फाइलमध्ये दुसरीचं देवघेव टेबल लिंक केलं आणि फाइंड अनमॅच्ड क्वेरी विझार्ड चालवला, एकीत आहे आणि दुसरीत नाही अशा नोंदी शोधायला. जुळवायला फील्ड दिलं देवघेव क्रमांक, जो ऑटोनंबर होता, म्हणजे ॲक्सेस आपोआप देतं तो आकडा. पण दोन्ही फाइली एकाच ठिकाणाहून पुढे गेल्या होत्या, त्यामुळे दोघींनी तेच तेच नंबर वेगवेगळ्या व्यवहारांना दिलेले. विझार्डने सांगितलं की या नोंदी जुळतायत, आणि मी विश्वास ठेवला असता तर ताईंच्या निम्म्या नोंदी कायमच्या गेल्या असत्या. नशिबाने पहिलंच नाव ओळखीचं होतं, एकाच नंबरवर इकडे एक आजोबा आणि तिकडे शाळेतली मुलगी. मग सभासद क्रमांक, दाखल क्रमांक आणि तारीख अशा तिन्ही फील्डवर जुळवलं, उरलेल्या नोंदी अपेंड क्वेरीने टाकल्या आणि ऑटोनंबर नव्याने पडू दिला. त्यासाठीच सांगतो, ज्या आकड्याला बाहेरच्या जगात अर्थ आहे, जसा दाखल क्रमांक जो पुस्तकावर शाईने लिहिलेला असतो, तो कधीही ऑटोनंबर ठेवू नका. एंट्री अर्धवट सोडली तरी ऑटोनंबर एक आकडा खाऊन टाकतो, आणि मग दाखल नोंदवहीत खाडे का आहेत याचं उत्तर तपासणीला आलेल्या माणसाला देत बसा.

तर कॉम्पॅक्ट ऑन क्लोजची टिक काढा. कॉम्पॅक्ट हातानेच करा, महिन्यातून एकदा, बॅक एंडवर, सगळे बाहेर असताना, आधी कॉपी घेऊन, आणि जमलं तर फाइल ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथेच बसून. 'तुम्हाला एक्सक्लुझिव्ह ॲक्सेस नाही' (म्हणजे फाइल एकट्या तुमच्या ताब्यात नाही) असा मेसेज आला आणि सगळे तर बाहेर आहेत असं वाटत असेल तर टास्क मॅनेजर बघा. कधीकधी ॲक्सेसची खिडकी बंद झालेली असते पण प्रोसेस मागे जिवंत राहिलेली असते, भुतासारखी, आणि तिनेच फाइल धरून ठेवलेली असते.

फाइलचा आकार पण बघा. ॲक्सेसच्या फाइलची कमाल मर्यादा २ जीबी, आणि रेकॉर्ड डिलीट केल्याने फाइल लहान होत नाही, रिकामी झालेली जागा कॉम्पॅक्ट केल्यावरच परत मिळते. मर्यादेला टेकली की मेसेज मात्र 'फाइल भरली' असा सरळ येईलच असं नाही, फाइल ओळखता येत नाही किंवा खराब असावी अशा भाषेतही येतो आणि आपण भलतीकडे शोधत बसतो. आमची १.७ जीबीवर गेली होती. मजकूर एवढा असणंच शक्य नाही. कुणीतरी मोबाइलवर काढलेले मुखपृष्ठांचे फोटो अटॅचमेंट फील्डमध्ये टाकले होते, एकेक ३ एमबीचा, पाचशे फोटो म्हणजे दीड जीबी तिथेच. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढले, टेबलात फक्त फोटोचा पत्ता ठेवला, कॉम्पॅक्ट केलं, फाइल आली १०० एमबीच्या आत.

नवीन फाइल बनवतानाच एक सापळा असतो तोही सांगून टाकतो. वर्डमध्ये कोरं पान उघडून तासभर टाइप करून मग नाव देता येतं. ॲक्सेस तसं करू देत नाही, ब्लँक डेटाबेस म्हटलं की आधी नाव आणि जागा विचारतं, कारण त्याला पहिल्या क्षणापासून डिस्कवर लिहायचं असतं. लोक काय करतात, नाव डेटाबेस१ तसंच ठेवतात, जागा डॉक्युमेंट्स तशीच ठेवतात, आणि क्रिएट दाबतात. आणि हल्लीच्या बऱ्याच कॉम्प्युटरवर डॉक्युमेंट्स हा फोल्डर वनड्राइव्हमध्ये गेलेला असतो, मालकाला पत्ताही नसतो. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, यांचं काम अख्खी फाइल उचलून वर पाठवणं, आणि ॲक्सेस त्याच वेळी त्या फाइलच्या पोटात पानं बदलतंय. दोन कॉम्प्युटरवरून उघडली तर वनड्राइव्ह कुणाची खरी ते ठरवू शकत नाही आणि नावाला कॉम्प्युटरचं नाव जोडून दुसरी कॉपी करून ठेवतं, मग परत तेच आजोबा आणि शाळेतली मुलगी. चालू फाइल क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवायचीच नाही. रात्री बंद केल्यावर तिची कॉपी तिथे टाका, त्याला हरकत नाही.

नावाबद्दल माझं मत, पटलं तर घ्या. चालू फाइलच्या नावात तारीख, नवीन, फायनल असलं काही नको. आमच्याकडे एकदा 'वाचनालय नवीन', 'वाचनालय नवीन फायनल' आणि 'वाचनालय नवीन फायनल २' अशा तीन होत्या आणि खरी पहिली होती. चालू फाइलचं नाव कायम एकच, तारीख फक्त बॅकअपला. सेव्ह ॲजमध्ये बॅक अप डेटाबेस असा पर्याय आहे, तो तारीख आपणहून लावतो. आणि फोल्डर, फाइल यांची नावं इंग्रजी अक्षरातच ठेवा, मराठी नाव विंडोजला चालतं, पण कोड लिहिला असेल तर ॲक्सेसच्या व्हीबीएमधल्या (कोड लिहायच्या भाषेतल्या) काही जुन्या कमांड देवनागरी नावाशी अडखळतात.

फाइल खरंच फाटली असेल तर काय? सगळ्यात आधी त्या खराब फाइलची कॉपी. रिपेअर मूळ फाइलवर चालवू नका, कारण रिपेअर वाचवता येईल तेवढंच ठेवतं आणि बाकीचं टाकून देतं. कॉपीवर कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवा. नंतर एमसिसकॉम्पॅक्टएरर नावाचं टेबल दिसलं (लपलेली आणि सिस्टीमची ऑब्जेक्ट दाखवा असं ऑप्शन लावावं लागतं) तर त्यात काय सुटलं ते लिहिलेलं असतं. त्याने नाही झालं तर नवीन कोरी फाइल घ्या आणि एक्स्टर्नल डेटामधून जुनीतली ऑब्जेक्ट (टेबलं, फॉर्म, रिपोर्ट) एकेक करून इम्पोर्ट करा. एखादंच टेबल येत नाही असं झालं तर बहुतेक त्यातली एखादीच ओळ मेलेली असते. उघडून बघितलं तर तिथे एरर लिहिलेलं दिसतं, कधी चक्क चिनी वाटावी अशी अक्षरं. घाबरू नका, कुणी हॅक केलेलं नाही, बाइट सरकलेत एवढंच. अशा वेळी क्वेरीने तुकडे पाडून घ्या, १ ते ५००० चालतंय का, ५००१ ते १०००० चालतंय का, करत करत ती ओळ वेगळी काढा आणि बाकीच्या उचला. लाँग टेक्स्टची फील्डं, म्हणजे पूर्वीचं मेमो, आधी तपासा. त्यांचा मोठा मजकूर ओळीत नसतो, वेगळ्या पानावर असतो आणि ओळीत फक्त त्याचा पत्ता, आणि पत्ता हुकला की सगळी ओळ अडते. आमची मेलेली ओळ एका पुस्तकाच्या 'शेरा' या फील्डमुळे मेली होती.

'अनरेकग्नाइज्ड फॉरमॅट' म्हणजे दरवेळी फाटलेलीच असं पण नाही. ॲक्सेस ९७ ची एमडीबी २०१३ पासूनच्या ॲक्सेसमध्ये उघडतच नाही, आणि उलट बाजूने, नव्या ॲक्सेसमधला लार्ज नंबर हा डेटाटाइप कुणी वापरला की ती फाइल जुन्या आवृत्तीला अनोळखी होते. खरंच फाटलीय का ते ओळखायची एक सोपी खूण आहे. फाइलची कॉपी नोटपॅडमध्ये उघडा, सुरुवातीच्या कचऱ्यात स्टँडर्ड एसीई डीबी (एमडीबी असेल तर स्टँडर्ड जेट डीबी) असं इंग्रजीत वाचता आलं तर निदान डोकं जागेवर आहे. पासवर्ड लावून एनक्रिप्ट केलेली नसताना नुसते रिकामे चौकोन किंवा शून्यं दिसली तर त्या फाइलमागे वेळ घालवू नका, बॅकअप काढा.

एवढं सगळं करूनही इनकन्सिस्टंट स्टेट येत असेल, वायर आहे, फोडलेली आहे, कुणी झाकण पाडत नाहीये, तर एक विंडोजकडची गोष्ट उरते. २०१८ च्या एप्रिलमधल्या विंडोज १० च्या १८०३ अपडेटनंतर हा मेसेज बऱ्याच जणांना यायला लागला होता, आणि मायक्रोसॉफ्टने स्वतःच त्यावर तोडगा दिला. फाइल शेअरिंगमध्ये लीजिंग म्हणून एक सोय आहे, ती बंद करायची. फाइल ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या साठ्यात) लॅनमॅनसर्व्हर, त्याच्या पॅरामीटर्समध्ये डिसेबललीजिंग या नावाची (दोन्ही शब्द जोडून, मधे स्पेस नाही) डीवर्ड व्हॅल्यू बनवून १ करायची आणि सर्व्हर ही सर्व्हिस बंद करून परत चालू करायची. रजिस्ट्रीला हात लावायची सवय नसेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा. आणि हे शेवटी करा, पहिल्यांदा नाही. मी आधी हे केलं होतं आणि काकांचा लॅपटॉप तसाच चालू होता, त्यामुळे काही फरक पडला नाही आणि उगाच वाटलं हा उपाय खोटा आहे.

गेल्या गणपतीनंतर ताईंचा कुलूपवाला फोन एकदाच आला. काउंटरवरचा फ्रंट एंड उघडेना. त्यांना म्हटलं, डेस्कटॉपवर मी ठेवलेली ती काळी बॅच फाइल डबल क्लिक करा. ती शेअर फोल्डरमधून फ्रंट एंडची ताजी कॉपी सी ड्राइव्हवर टाकते, जुनीवर. फोन चालू असतानाच पलीकडून बारकोडच्या मशीनची पीप ऐकू आली. चिटणीस काकांच्या लॅपटॉपचा त्या फोल्डरचा हक्क मी काढून घेतलाय, त्यांना दर शनिवारी थकबाकीची यादी पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर जाते. पहिला आठवडाभर रागावले होते, आता यादी यायला उशीर झाला की फोन त्यांचा येतो.